कावेरीची सीईटी

शिजलेली हळद ताडपत्रीवर पसरताना कावेरी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. कुकरच्या ड्रममधून ओतलेल्या हळकुंडांची वाफ तिच्या तोंडावर येत होती. पदर नाकावरून घट्ट बांधलेला, आणि पदराच्या आत शब्द चालूच. नर्मदाबाईंनी एक-दोन दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग त्यांना राहवलं नाही.

"कोनाला शिव्या द्यायलीस गं?"

कावेरी दचकली. हातातलं फावडं थांबलं. "शिव्या न्हाईत आत्या. शब्द हायेत. इंग्रजीतले."

"हळदीला इंग्रजी कामून?"

आता लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. कावेरीनं पदर सोडला, घामानं भिजलेलं तोंड पुसलं आणि खाली बघत सासूला सांगितलं, "मी नर्सिंगच्या सीईटीचा फॉर्म भरलाय. झरीला, धम्मदीपच्या सेंटरवर. बरे मार्क पडले तर परभणीच्या कॉलेजात नंबर लागतो."

नर्मदाबाई फाटकी गोणी शिवत होत्या. दाभण गोणीतच राहिलं.

"जीवनला ठावं हाय?"

"हाय."

"म्हंजी मलाच ठावं न्हाई."

त्यांनी दाभण गोणीतून ओढून काढलं आणि पुढचा टाका घातला. ड्रम रिकामा झाला, पुन्हा भरला, पुन्हा शिजला. दुपारी बांधावरच्या लिंबाखाली भाकरी सोडली तेव्हा नर्मदाबाई आपली भाकरी हातावर घेऊन पलीकडं जाऊन बसल्या. जीवननं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि कांदा फोडून गुपचूप खाल्ला. त्यांची सहा वर्षांची लेक अपेक्षा आजीजवळ गेली, तर आजीनं तिला घास भरवला.

जिंतूर रोडवर झरीच्या पुढं एक फाटा आहे, तिथून आत यांचं गाव. नवरा गेला तेव्हा जीवन चौथीत होता. तेव्हापासून चार एकर काळी जमीन नर्मदाबाईंनी स्वतः उभं राहून केली होती. गावात कुणाच्या शेतात काय पेरलंय, कुणाची बोअर आटली, सगळं त्यांना आधी कळायचं. आणि आपल्याच घरात, आपल्याच चुलीपुढं बसून सून काय करतेय हे कळलं नव्हतं. राग होता तो त्याचा.

कावेरीनं बारावी सायन्स जिंतूरला केलं होतं. चांगल्या फर्स्ट क्लासनं. निकालाच्या वर्षीच लग्न झालं. सात वर्षांत तिनं कधी पुस्तकाचं नाव काढलं नव्हतं. पीकविम्याचं काम करायला सेंटरवर गेली असताना धम्मदीपनं सहज सांगितलं होतं, "वहिनी, आता नर्सिंगला प्रवेश परीक्षा सुरू झालीय. बारावी कधी केली, त्यानं काय अडत नाही. पेपरात मार्क पाडा, मेरिटनं नंबर लावून घ्या." त्या वाक्यानं तिची झोप उडाली होती.

दुसऱ्या दिवशी अजून उजाडायचं होतं तेव्हा नर्मदाबाईंनी तिच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"ऊठ. चूल मी पेटवते. तू तुझ्या शब्दाला बस."

कावेरी उठून बसली. डोळ्यांत झोप होती, त्यातच पाणी आलं.

"रडू नको. रडून इंग्रजी येत असंल तर मग रड."

*

त्या दिवसापासून घराची घडी बदलली. भाकरी नर्मदाबाई टाकायच्या. जीवननं पाणी भरायचं आणि अपेक्षाची तयारी करायची असं ठरलं. त्याला वेणी येत नव्हती. पहिल्या दिवशी पोरगी शाळेत गेली ती एक वेणी कानावर आणि एक मानेवर अशी. पारावर बसलेल्यांनी त्याला विचारलं, "का रे जीवन, लेकीची वेणी तू घालायलास म्हने? बायकोची पन घालतो का?" तो हसला नाही आणि चिडलाही नाही. "तिची घालायला येईना अजून," म्हणाला, "लांब हाय. शिकायलोय."

दिवसा मात्र हळद होती. शिजलेली पसरायची, उलथायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची. गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून मोडून कावेरीच्या हाताची साल निघाली होती. नखांत हळद, भेगांत हळद. पुस्तकाचं पान उलटलं की पानावर पिवळा डाग पडायचा.

परीक्षा कॉम्प्युटरवर होती, आणि तिनं माऊसला कधी हात लावला नव्हता. धम्मदीप म्हणाला, सेंटरवर गर्दी नसेल तेव्हा या. पण गर्दी कायमच असायची. सातबाऱ्याला, केवायसीला माणसं रांगेत उभी, आणि कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पदर खोचून बसलेली कावेरी. स्क्रीनवरचा बाण तिच्या मनात असेल तिथं सोडून भलतीकडंच जायचा.

"ताई, उंदीर पळाला का?" मागून कुणीतरी म्हणालं. रांग हसली.

कावेरीनं माऊस सोडला नाही. धम्मदीपनं तिला पत्त्यांचा खेळ लावून दिला. पान धरायचं, ओढायचं, सोडायचं. हात वळायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही म्हणाला. त्याचीही बातमी गावात तिच्या आधी पोचली.

"पत्ते खेळायलीस म्हने झरीला," नर्मदाबाई म्हणाल्या.

"हात बसायला आत्या."

"जिंकलीस का?"

"आज जिंकले."

"बरं," असं म्हणून त्या गोठ्याकडं गेल्या.

बापू आले तेव्हा हळद उन्हात अर्धी वाळली होती. बापू म्हणजे जीवनचे चुलते. वालूरला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, पांढरी पँट, खिशाला दोन पेन. त्यांचं शेत शेजारी होतं. बांधावर उभं राहून त्यांनी आधी हळदीचा वास घेतला, मग विषय काढला.

"वैनी, हिला कशाला आशेला लावलंत? या परीक्षेला पोरी लातूरला क्लास लावून बसतात. दुसरं काम नसतं त्यांना. ही हळद शिजवून जाणार आणि त्यांच्या बरोबरीनं बटन दाबनार?"

"दाबंल की."

"आणि मी म्हनतो, दीड तासाच्या पेपरात माणूस कळतो का? माझ्याकडं बोर्डात आलेली एक पोरगी होती, आज घरी बसून हाय. दोनदा नापास झालेला एक पोरगा जिंतूरला कापसाची जिनिंग चालवायलाय. परीक्षेला पुढचं काय दिसतं?"

नर्मदाबाईंनी हातातली हळद ताडपत्रीवर टाकली. "मग बापू, तुमी जलमभर परीक्षा कामून घेतल्या?"

जीवननं हसू लपवायला दुसरीकडं तोंड फिरवलं.

कावेरी बापूंपुढं सहसा बोलत नसे. आज डोक्यावरचा पदर सारखा करून ती म्हणाली, "बापू, मला कोन ओळखतंय? बारावीला सात वर्षं झाली. कोनाकडं वशिला न्हाई. चांगली हाय, शिकंल, असं माझ्यावतीनं सांगनारं परभणीत कोनी न्हाई. या पेपराला ते लागत न्हाई, एवढंच मला समजलं. पुढचं त्याला दिसत नसंल. पन दार तरी उघडतंय ना?"

"इंग्रजीचं व्याकरण कच्चं असंल तुझं," बापू म्हणाले आणि गेले.

*

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून आभाळ धरून आलं. दोन दिवस उकडत होतं, आणि आता पश्चिमेला काळं पडत चाललं होतं. सगळी हळद शेतात उघडी होती. अजून चार-सहा उन्हं मिळाली की पॉलिशला जाणार, अशा बेतात. आता भिजली तर काळी पडणार.

जीवन कावेरीला मोटारसायकलवर परभणीला नेणार होता. अंगणात उभं राहून तो एकदा आभाळाकडं बघायचा आणि एकदा गाडीकडं.

"मी न्हाई जात," कावेरी म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

"गप," नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांनी इरकली लुगडं नेसलेलं होतं. म्हणजे त्यांचं आधीच ठरलं होतं. "जीवन, तू शेतात जा. आमाला फाट्यावर सोड. मी जाते हिच्यासंगं."

"तू परभणीत कुठं हिंडनार आई?"

"हिला तोंड हाय ना इचारायला? का तेबी कॉम्प्युटरवरच चालतं?"

एसटी भरून आली. सासू-सुना दांडा धरून उभ्यानं परभणीला पोचल्या. सेंटर गावाबाहेर, एका कॉलेजच्या इमारतीत होतं. फाटकापाशी पोरींची रांग. बहुतेकींबरोबर वडील, मोटारी, थंड पाण्याच्या बाटल्या. कॉटनचे कुर्ते घातलेल्या, चष्मेवाल्या, आपसात मागच्या वर्षीचे प्रश्न बोलणाऱ्या. साडीतली कावेरी एकटीच होती. तपासणीला उभ्या असलेल्या बाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पालक बाहेर थांबा."

"हीच परीक्षेला हाय," नर्मदाबाई म्हणाल्या.

बाईनं प्रवेशपत्र बघितलं, फोटो बघितला. "धातूचं काही आत चालत नाही. कानातलं, पायातलं, सगळं काढा."

कानातलं काढलं. पायातली जोडवी काढायची म्हटल्यावर कावेरीचा हात थांबला. लग्नापासून ती बोटांतून निघाली नव्हती. तिनं सासूकडं बघितलं. आजूबाजूच्या पोरी बघत होत्या.

"काढ," नर्मदाबाई म्हणाल्या. "नवरा काय जोडव्यात बसला न्हाई. तो तिकडं ताडपत्री धरून उभाय."

जोडवी रुतून बसलेली. नर्मदाबाई तिथंच फाटकासमोर धुळीत खाली बसल्या, सुनेचा पाय मांडीवर घेतला आणि थुंकी लावून, बोट फिरवून फिरवून एकेक जोडवं सोडवलं. आयुष्यात सासूनं आपल्या पायाला हात लावलेला कावेरीनं पाहिला नव्हता. ती अवघडून गेली. तपासणीवाली बाईही दुसरीकडं बघायला लागली.

आत एका टेबलावर अंगठा घ्यायचं मशीन होतं. कावेरीनं अंगठा ठेवला. मशीननं लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. डावा, पुन्हा लाल. मागची रांग चुळबुळायला लागली.

"हात धुऊन या."

ती धुऊन आली. साबण लावून घासला, पदराला पुसला. लाल. अंगठ्यावरच्या रेघाच हळदीनं आणि वाफेनं घासून गेल्या होत्या. उरली होती गुळगुळीत, भेगाळलेली कातडी. "तुमचा अंगठाच नाही येत," टेबलावरची मुलगी म्हणाली. एवढं करून शेवटी आपला अंगठा आपला नाही म्हणायची पाळी आली. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं आणि ती रडली नाही.

टेबलावरच्या मुलीनं तिचे हात स्वतःच्या हातात घेतले, उलटे-सुलटे करून बघितले. "ताई, कशाची कामं करता?"

"हळदीची."

"माझी आई ऊस तोडायला जाते. तिचं रेशन असंच अडतं." तिनं मशीनवर काहीतरी दाबलं. "एकेक बोट लावून बघू. घाई करू नका."

तर्जनी, लाल. मधलं, लाल. अनामिका, लाल. शेवटी डाव्या हाताची करंगळी ठेवली, आणि हिरवा दिवा लागला. मुलगी हसली. "या बोटाला काम नाही वाटतं घरात. जा आत, पळा."

*

पडद्यावर पेपर उघडला तेव्हा पहिली काही मिनिटं कावेरीला अक्षरंच दिसेनात. शेजारच्या पोरीचा माऊस टकटक वाजत होता. पहिला प्रश्न फिजिक्सचा. तिला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. दुसरा तसाच. बापू म्हणाले ते खरं आहे असं तिला वाटलं. या पोरी पळतायत आणि आपण अजून चप्पल शोधतोय.

मग तिनं माऊस सोडला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि शेतात नांगरटीला दगड लागला की जीवन काय करतो ते आठवलं. तो दगड उकरत बसत नाही. बाजूनं जातो. तिनं फिजिक्स सोडलं आणि जीवशास्त्रावर गेली. रक्ताच्या गाठीचा प्रश्न होता, तो आला. मूत्रपिंडाचा आला. पेशीचा आला. पहाटे चुलीच्या उजेडात वाचलेली पानं पिवळ्या डागांसकट डोळ्यांपुढं यायला लागली. हात चालायला लागला.

आणि वर पत्र्यावर पाऊस वाजला. आधी टपोरे थेंब, मग एकदम कोसळ. सगळ्या पोरींनी मिनिटभर वर बघितलं. कावेरीनंही बघितलं. ताडपत्र्या सगळ्या हळदीला पुरणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. एकट्या जीवनला त्या दोन्ही टोकांनी धरता येणार नाहीत हेही. तिचे पाय टेबलाखाली उठायला निघाले होते. मग तिला बाहेर फाटकापाशी भिजत उभी असलेली सासू आठवली, मुठीत जोडवी घेतलेली. तिनं मान खाली घातली आणि पुढचा प्रश्न वाचला. मागं सोडलेल्या फिजिक्सकडं शेवटी आली. चुकल्याचे गुण कापत नव्हते, म्हणून वेळ संपेपर्यंत, येत नव्हतं तिथंही बटण दाबत गेली.

बाहेर आली तेव्हा नर्मदाबाई एका टपरीच्या वळचणीला उभ्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही. मूठ उघडून जोडवी पुढं केली. "घाल. आन चल, शेताकडं बघू."

फाट्यावरून चिखल तुडवत त्या शेतात पोचल्या तेव्हा पाऊस थांबला होता. हळदीच्या राशी ताडपत्र्यांखाली होत्या. कडेची थोडी भिजलेली, बाकी वाचलेली. लिंबाखाली जीवन बसला होता, डोक्यापासून चिखलात. त्याच्याजवळ बापू. पांढऱ्या पँटचा रंग गेला होता, खिशातली पेनं कुठंतरी पडली होती, आणि त्यांच्या तळहातांना दोर काचून वळ उठले होते.

"बापू, तुमी?" नर्मदाबाई म्हणाल्या.

"दुसरं टोक धरायला कोनी नको का?" बापू खेकसले. मग कावेरीकडं वळले. "इंग्रजीचा उतारा आला होता?"

"आला होता."

"सुटला?"

"अर्धा."

"हं," बापू म्हणाले. "अर्धाच सुटंल म्हनलो होतो मी जीवनला. उरलेला अर्धा माझ्याकडून घ्यायला हवा होतास."

*

निकालाच्या दिवशी धम्मदीपच्या सेंटरवर घरची सगळी गेली. पडद्यावर आकडा आला तो कुणालाच कळेना. बापूंनी चष्मा लावला.

"बासष्ट पर्सेंटाइल. म्हंजी बसलेल्या शंभरातल्या बासष्टजणी हिच्या मागं हायेत."

"आन पुढं?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"अडतीस."

"मग बरंय की. सगळ्यात पुढं जाऊन हिला करायचंय काय? बसायला जागा भेटली म्हंजी झालं."

जागा मिळाली, पण शेवटच्या फेरीत, पोळा होऊन गेल्यावर. कागद तपासणाऱ्या क्लार्कनं आकडा बघून मान हलवली. पण सही केली.

वर्गात चाळीसेक पोरी, बहुतेक अठरा-एकोणीसच्या. शरीरशास्त्र शिकवायला सत्यशीला मॅडम होत्या. उंच, किडकिडीत, आवाज कधी न चढवणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "ज्यांचे सीईटीचे गुण कमी आहेत त्यांनी मनाला लावून घेऊ नका. पण मी इतकी वर्षं बघतेय, पहिल्या परीक्षेत त्याच मुली अडकतात. म्हणून त्यांनी तास सुरू व्हायच्या आधी माझ्याकडं यायचं. मी शिकवीन."

एवढ्या लवकर फाट्यावरून एसटी नव्हती. गावातून दुधाचा टेम्पो परभणीला जायचा, त्यात ड्रायव्हरशेजारी, कॅनांना गुडघे टेकवून कावेरी जायला लागली. पांढऱ्या ॲप्रनला दुधाचा वास यायचा. पोरी आधी नाक मुरडायच्या, मग त्यांना सवय झाली. घरी नर्मदाबाई, जीवन आणि अपेक्षा. कापूस वेचणीला कावेरीची ओळ रिकामी राहायची, ती नर्मदाबाई आपली संपवून वेचायच्या.

आणि एवढं करूनही पहिल्या परीक्षेत कावेरी शरीरशास्त्रात नापास झाली.

पुढचा पावसाळा लागून सोयाबीन खुरपणीला आलं होतं. निकाल कळला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती टेम्पोत बसली नाही. पुस्तकं पत्र्याच्या पेटीत ठेवली, खुरपं घेतलं आणि शेतात जाऊन ओळीला बसली. नर्मदाबाई शेजारच्या ओळीला. दिवसभर दोघी पुढं सरकत राहिल्या, वाकून, चिखल मनगटापर्यंत. सूर्य कलला तेव्हा नर्मदाबाईंनी कंबर धरली, उभ्या राहिल्या आणि मागची स्वच्छ ओळ बघितली.

"चांगलं खुरपलंस," म्हणाल्या. "माझं समाधान झालं. आता उद्या जा."

"आत्या, मॅडम आधीच म्हनल्या होत्या. कमी मार्कवाल्या नापास व्हतात. झाले मी. सीईटीनं खरंच सांगितलं होतं."

"मग झालं ना तिचं सांगून? आता तू तुझं कर."

दुसऱ्या दिवशी ती मॅडमपुढं उभी राहिली. "तुमी म्हनला होता तसंच झालं मॅडम."

"हो," सत्यशीला मॅडम म्हणाल्या. "पण मी पुढचं काहीच म्हटलं नव्हतं. बस. हाडांपासून सुरू करू."

हाडांची नावं पाठ होईनात. बापू शब्दकोश घेऊन संध्याकाळी येऊन बसायला लागले. स्पेलिंग ते घ्यायचे. पण पुस्तकातला सापळा कावेरीच्या डोक्यात जाईना, तेव्हा एके दिवशी तिनं तूर निवडत बसलेल्या सासूचा खांदा धरला. गळ्याजवळचं हाड कातडीखाली उघडं दिसत होतं. "हे क्लॅव्हिकल." मग दंडावर आली. मग मनगटावर. नर्मदाबाईंचं अंग उन्हानं आणि कामानं असं आटलेलं होतं की जवळजवळ सगळं हाताला लागायचं. कुठं जुनी मोडलेली बरगडी वेडीवाकडी जुळलेली, कुठं पायाचं हाड वाकलेलं. कावेरीच्या बोटांना त्या अंगावर किती काय होऊन गेलं ते कळत गेलं. मारक्या बैलानं मारलं होतं ते. विहिरीच्या काठावरून पडल्या होत्या ते. कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"आन हे?" गुडघ्याच्या वाटीवर हात ठेवून नर्मदाबाईंनीच विचारलं.

"पॅटेला."

आठ दिवसांनी शेजारीण चहाला बोलवायला आली, तर नर्मदाबाई आतूनच म्हणाल्या, "मी न्हाई येत बाई. आज माझा पॅटेला लय दुखायलाय." शेजारणीला वाटलं काहीतरी मोठा आजार झाला. दोन घरं सांगत गेली. अपेक्षा हसून हसून लोळली.

फेरपरीक्षेत कावेरी शरीरशास्त्रात पास झाली. वर्गात पहिली वगैरे नाही, बऱ्यापैकी गुणांनी. त्यानंतर मात्र ती कशात अडकली नाही. सीईटीला वर्गात सगळ्यात पुढं असलेली पोरगीही तिच्याबरोबर होती. हुशारच होती, भराभर पुढं जात होती, आणि फिजिओलॉजी कावेरीला तीच समजावून सांगायची. कावेरी तिला सुई टोचताना हात कसा स्थिर ठेवायचा ते दाखवायची.

पुढच्या वर्षी वॉर्डची ड्युटी लागली. पहिल्या सकाळी सत्यशीला मॅडमनी पोरींना बायकांच्या वॉर्डात उभं केलं आणि त्या दाराशी डॉक्टरांशी बोलायला थांबल्या. दोन्ही बाजूंना खाटा, खाटांखाली डबे, पिशव्या, चपला. कुणी खोकत होतं, कुणाचं लेकरू रडत होतं. कावेरी खिडकीपाशी उभी होती, हात पुढं बांधून, काय करावं ते न कळून.

"ओ सिस्टर," कोपऱ्यातल्या खाटेवरून एक म्हातारी क्षीण आवाजात म्हणाली. "सिस्टर, जरा इकडं या ना. मला उठवून बसवता का?"

कावेरीनं वळून मागं बघितलं, म्हातारी कुणाला बोलावतेय म्हणून. मागं भिंत होती. पांढऱ्या कपड्यातलं तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं.

"आले, आले," ती म्हणाली, आणि म्हातारीच्या पाठीखाली हात घातला.